बावीस पावले डावीकडे

अखिल-पादत्राण-मापन-धुरंधरा, अंगुष्ठ-कनिष्ठिका-मर्मज्ञा, रिक्त-पेटिका-संग्राहिका, दक्षिणगामी-कंदुक-दमन-विशारदा, भूतपूर्व-तृणभूमी-सम्राज्ञी, भ्रातृकर्ण-पीडन-निपुणा, परमप्रतापी, तथापि पत्रोत्तरास सदैव दीर्घ विलंब लावणाऱ्या ज्येष्ठ भगिनीच्या चरणी (माप साडेसहा, पंजा रुंद) कनिष्ठ बंधूचे, गुडघे दुखत असल्याने उभ्यानेच घातलेले, साष्टांग दंडवत.

प्रिय ताई,

वरील बिरुदावली रचण्यात रविवारची अर्धी सकाळ गेली. तुझ्या भावजयीने ती माझ्या खांद्यावरून वाचली आणि, इतक्या पदव्या लावून येणारा माणूस एकतर काही मागायला येतो नाहीतर काही लपवायला, असे म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली. चोवीस वर्षांच्या सहजीवनात या बाईने माझ्या विनोदाला कधी दाद दिली नाही आणि तिचे निदान कधी चुकले नाही. तेव्हा प्रस्तावना आवरती घेतो. इकडे सर्व क्षेम आहे. गुडघ्यांचे वर सांगितलेच. कचेरीत नवी यंत्रे आली आहेत. ती आकाशातल्या उपग्रहांना विचारून जमिनीची हद्द सांगतात, आणि शेजारी तरीही पूर्वीइतक्याच निष्ठेने भांडतात.

तुझे पत्र गेल्या सोमवारी पोचले. त्यात नऊ बातम्या होत्या. त्यांपैकी आठ निरुपद्रवी होत्या. नववी मी सात वेळा वाचली. शाळेच्या क्रीडाशिक्षिका तुझ्या दुकानात बूट घ्यायला आल्या, बूट चढवायची ती लांब पट्टी त्यांनी सहज हवेत फिरवली, आणि तुझ्याने राहवले नाही. पायाचे माप अर्धवट सोडून तू उठलीस आणि त्यांचे डावे मनगट धरून दोन बोटे आत वळवलेस. दुसऱ्या दिवशी त्या मुख्याध्यापिकेला घेऊन आल्या. वीस मुली, आठवड्यातून दोन सकाळी, शाळेमागचे मैदान, शिकवणार का? महिनाअखेरपर्यंत उत्तर हवे आहे. आणि तू नकाराचे पत्र लिहून पाकिटात घालून ठेवले आहेस. पेटीत टाकायचे तेवढे राहिले आहे. कारण एका ओळीत दिलेस, नळाला पाणी उशिरा येते या बातमीच्या अगोदर, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने: "सख्ख्या भावाचा चेंडू जिला सरळ करता आला नाही, तिनं लोकांच्या पोरींचे हात कशाला बिघडवायचे?" तो सख्खा भाऊ मीच असल्याने या प्रकरणी मला काही निवेदन करावयाचे आहे. ते मी माझ्या पद्धतीने, म्हणजे वळसा घेऊन करीन. तुला घाई असल्यास शेवटचा परिच्छेद आधी वाच. तू तसे करणार नाहीस हे मला ठाऊक आहे. लहानपणी गोष्टीचे शेवटचे पान आधी उघडले म्हणून तूच माझा कान पिळला होतास.

आपले घर क्लबच्या मागच्या फाटकाला टेकून होते. बाबा मैदानाचे गवत कापायचे आणि आई क्लबच्या धुलाईखान्यात होती, त्यामुळे आपल्या दोन खोल्यांना एकाच वेळी कापलेल्या गवताचा आणि इस्त्रीखालच्या वाफेचा वास येत असे. अजून कुठे हे दोन वास एकत्र आले की मला भूक लागते. गोल्फ म्हणजे गवताला इजा करण्याचा श्रीमंती प्रकार, असे बाबांचे मत. टॉवेल मळवण्याचा श्रीमंती प्रकार, असे आईचे. तू मात्र अकराव्या वर्षी गवत कापायच्या यंत्राच्या खोपटावर चढून बसलीस आणि खाली खेळणाऱ्यांचे हात बघत राहिलीस. मोडक्या झाडूचा दांडा हे तुझे पहिले शस्त्र. तू पंधरा वर्षांची असताना क्लबचे दोन जाडजूड सभासद कुंपणाशी येऊन, इकडेतिकडे बघत, माळ्याची पोर आहे का घरी, असे हळूच विचारायचे; मी आत जाऊन तुला वर्दी द्यायचो. एकाला तू म्हणाली होतीस, काका, तुमचं पोट वळतं पण खांदे येत नाहीत. ते काका पुढल्या रविवारी पाव किलो बिस्किटे घेऊन आले. तिशीत क्लबने तुला मैदानाच्या कडेची एक पट्टी वापरू दिली: तीन चटया, दोन बादल्या, जुने चेंडू. सकाळी तू तिथे शिकवायचीस आणि अकरा वाजता कोपऱ्यावरच्या बुटांच्या दुकानात जाऊन बसायचीस.

मी भूमापक झालो. माझ्या आखलेल्या हद्दीवर हाडवैरी भाऊबंद निमूटपणे सही करीत, आणि माझाच चेंडू मात्र आयुष्यात कधी सरळ गेला नाही. निघताना तो सज्जनासारखा निघे. पन्नास पावलांवर त्याला काहीतरी आठवल्यासारखे होई, आणि मग तो उजवीकडे वळून झुडपांत असा शिरे की तिथे त्याचे सासर असावे. क्लबातले लोक याला स्लाइस म्हणत. मी त्याचे दक्षिणायन असे नामकरण केले होते, कारण व्याधीला भारदस्त नाव दिले की ती परंपरा वाटू लागते. तू मला तिरप्या म्हणू लागलीस आणि ते नाव मैदानभर झाले. काठी बाहेरून आत ओढतोस आणि तिचं तोंड उघडं ठेवतोस, चेंडू बिचारा जाणार कुठे, असे तू शंभरदा समजावले असशील. मी समजून घेण्याऐवजी मोजले. एका सुट्टीच्या दिवशी चाळीस चेंडू मारले आणि साखळी टाकून प्रत्येकाचे अंतर वहीत उतरवले, आणि पुढेही उतरवत राहिलो. दीडशे पावलांवर सरासरी बावीस पावले उजवीकडे. कोन आठ अंश एकवीस कला. आमच्या शास्त्रात यंत्रात कायमची त्रुटी असली तर यंत्र कोणी फेकून देत नाही. प्रत्येक वाचनातून तेवढी त्रुटी वजा करतात. मी त्याप्रमाणे झेंड्याच्या बावीस पावले डावीकडे नेम धरू लागलो आणि स्वतःला विद्वान समजू लागलो. तू कपाळावर हात मारून घेतलास. "तिरप्या, जेवढा डावीकडे बघशील तेवढा तो जास्त उजवीकडे पळेल. आकडा नको दुरुस्त करूस, हात दुरुस्त कर." तसेच व्हायचे, पण तो दोष मी वाऱ्यावर ढकलीत असे. वारा कधी खुलासा मागत नाही.

मग ते वर्ष आले. क्लबला मुख्य प्रशिक्षक नेमायचा होता, आणि निम्म्या सभासदांनी तुझे नाव पुढे केले. समितीला पेच पडला. बाई, त्यातून माळ्याची मुलगी, त्यातून अकरानंतर लोकांच्या पायांत बूट घालणारी. नाही म्हणायला कारण मिळेना आणि हो म्हणायला जीभ वळेना. तेव्हा चिटणिसांनी आपल्या मिशीखालून हसत तोडगा काढला. "बाई, तुमच्या भावाला बरा करून दाखवा. तो बरा झाला, तर जगात कुणीही होईल." तीन महिन्यांची मुदत. खेळ जिथून सुरू होतो त्या पहिल्या चौथऱ्यावरून तीन चेंडू. त्यांपैकी दोन झेंड्याभोवतीच्या तासलेल्या हिरवळीवर थांबले की जागा तुझी. तू जागच्या जागी मान डोलावलीस. मला कोणी विचारलेही नाही, पण तक्रार कसली? एका माणसाच्या रोगावर दुसऱ्याची नोकरी टांगल्याचे हे जगातले एकमेव उदाहरण असावे, आणि त्या रोगाचा मानकरी मी होतो.

ते तीन महिने, ताई, माझ्या आयुष्यातले सर्वांत हास्यास्पद आणि सर्वांत चांगले. सकाळी सहाला तू दाराची कडी वाजवायचीस. पहिले आठ दिवस काठी फिरवायला बंदी; नुसती पकड. वरून पाहताना डाव्या मुठीची तीन हाडे दिसली पाहिजेत, दोनच दिसली तर तू बूट चढवायच्या पट्टीने टोला द्यायचीस. मी कचेरीत फाइल उचलतानाही हाडे मोजू लागलो. मग दोन्ही पाय जुळवून, घोट्याला घोटा लावून उभे राहायचे, आणि काठी घड्याळातल्या नवापासून तीनपर्यंत, एवढीच. जोर लावला की तोल गेलाच. पहिल्या सकाळी मी एकाही चेंडूला स्पर्श न करता चार वेळा पडलो. बाबा तेव्हा निवृत्त झाले होते, पण सवयीने मैदानावर यायचे. ते लांबून आले, माझ्याकडे बघितले, आणि गवताला लागलं का, एवढेच विचारून गेले.

नंतर टॉवेलपर्व. माझ्या लग्नात आलेल्या सहा निळ्या टॉवेलांच्या संचातला एक तू घडी घालून माझ्या उजव्या काखेत दिलास. चेंडू सुटेपर्यंत तो पडता कामा नये. कोपर उडाले की टॉवेल जमिनीवर. आई आयुष्यभर दुसऱ्यांचे टॉवेल मोजत आलेली. घरचा टॉवेल मातीत पडतो आहे हे धुलाईखान्याच्या खिडकीतून बघताना तिचा चेहरा काय व्हायचा ते मी सांगत नाही. मग खोकी. चेंडूच्या पलीकडे, चार बोटे सोडून, तू बुटांचे रिकामे खोके ठेवायचीस. काठी बाहेरून आली की खोक्याचा चुराडा. पहिल्या आठवड्यात मी एकोणतीस खोकी ठार केली. तू दुकानातून रोज इतकी खोकी उचलून नेतेस म्हणून मालकाला वाटले की तू घर बदलते आहेस, आणि त्याने बिचाऱ्याने सामान हलवायला हातगाडी देऊ केली. उजवा पाय अर्धे पाऊल मागे. जमिनीवर माझेच तांबडे-पांढरे मोजणीचे दांडे, एक पायांच्या रेषेत, एक चेंडूच्या. आणि सगळ्यांत शेवटी घड्याळ: चेंडू गेल्यावर डाव्या मनगटावरच्या घड्याळाला जमीन दिसली पाहिजे. माझ्या घड्याळाने तोवर फक्त आकाश पाहिले होते. तू माझे मनगट धरून ते शेकडो वेळा वळवलेस, कुलपात किल्ली फिरवावी तसे, आणि दर वेळी एकच शब्द म्हणायचीस: सावकाश.

एका मंगळवारी आवाज वेगळा आला. तू तेव्हा वाकून नवे खोके मांडत होतीस. ठक् असा कोरडा, नेमका आवाज. चेंडू निघाला. पन्नास पावलांवर मी सवयीने मान उजवीकडे वळवली आणि चेंडू तिथे नव्हता. तो समोर होता. जिथे पाठवला तिथेच चालला होता. टॉवेल काखेत, खोके शाबूत. तू उलट्या बादलीवर बसलीस, नाक ओढलेस, आणि म्हणालीस, "अजून एक मार." शेवटचे दहा दिवस दहांतले आठ चेंडू सरळ गेले. परीक्षेसाठी तू तीन कोरे चेंडू काढलेस आणि त्यांवर नखांना लावायच्या लाल रंगाचे तीन-तीन ठिपके दिलेस, कुणी बदलाबदली करू नये म्हणून. त्याच आठवड्यात कचेरीच्या सामानात एक लोखंडी खुंटी कमी भरली. साहेबांनी खुलासा मागवला. मी तो दिला नाही. आज देणार आहे.

परीक्षेचा दिवस तुला माझ्याहून चांगला आठवत असेल, तरी पूर्णतेसाठी नोंदवतो. स्वच्छ ऊन, वारा नाही. दोष ढकलायला वाऱ्याचीही सोय नव्हती. चिटणिसांच्या नियमानुसार तुला बाजूच्या व्हरांड्यात, दोरीच्या मागे, समितीच्या शेजारी उभे राहायचे होते. तू मला खूण करू नयेस म्हणून. माझ्यामागे कोणीच नव्हते, फक्त धुलाईखान्याची खिडकी. पहिला चेंडू मारला. ठक्. तो झेंड्याच्या डावीकडे सरळ जाऊन तळ्यात पडला आणि दोन बदके उडाली. दुसरा. ठक्. तळ्यात. बदके तोवर परत आली होती. ती पुन्हा उडाली. तिसरा मी मारला तेव्हा बदके आधीच बाजूला झाली. लोक हसले, मीही हसलो, आणि चिटणीस म्हणाले ते वाक्य क्लबात पुढे कित्येक वर्षे चालत राहिले: "बाई, रोगी उजवीकडनं उठवलात आणि डावीकडे निजवलात." तू दोरीखालून आलीस. मला वाटले माझा कान धरशील. तू माझ्या हातातून काठी घेतलीस, तिचे तोंड टॉवेलने पुसलेस, आणि इतक्या हळू म्हणालीस की मलाच ऐकू आले, "माझंच चुकलं. हात जास्त वळवले मी तुझे."

दोन महिन्यांत तू चटया गुंडाळल्यास. मोठ्या गावातल्या मोठ्या बुटांच्या दुकानात जागा मिळाली म्हणालीस, आणि आम्ही सर्वांनी ते मानले, कारण मानणे सोयीचे होते. सतरा वर्षे तू लोकांचे पाय मोजते आहेस आणि मी लोकांच्या जमिनी. सणावाराला पत्र, आजारपणाला फोन, आणि गोल्फचा शब्द नाही. मी पुन्हा काठी हातात धरली नाही. लोकांना वाटले मी लाजलो. आईला काय वाटले ते मला माहीत आहे. परीक्षेच्या संध्याकाळी ती इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि वर न बघता तिने मला विचारले, "तुझे पाय तळ्याकडे का होते रे?" मी म्हणालो, तिथली जमीन उतरती आहे. तिने एक घडी मोडून पुन्हा घातली आणि हं म्हणाली. पुढे नऊ वर्षे ती जगली. त्या नऊ वर्षांत तिने तो विषय काढला नाही. मी घराबाहेर पडताना मात्र दाराशी यायची आणि, सरळ बघून जा, म्हणायची. रहदारीबद्दल म्हणते असे मी ठरवले होते.

आता गेल्या पंधरवड्याची बातमी. क्लबने गाळ काढण्यासाठी तळ्याचे पाणी सोडून दिले, आणि तळाचा नकाशा करायला आमच्या कचेरीला पत्र आले. साहेबांनी माझे नाव लिहिले. मी गुडघ्यांची सबब सांगून पाहिली, चालली नाही. माझ्याबरोबर आमचा साखळीवाला होता, ज्याला आम्ही चष्म्याच्या जाडीवरून दुर्बीण म्हणतो. तो निवृत्तीला आला आहे आणि कशाचेच आश्चर्य करीत नाही. तू ओळखणार नाहीस इतके ते मैदान लहान झाले आहे, किंवा आपण तिथे लहान असताना ते मोठे असावे. तुझ्या पट्टीवर आता गाड्या लावतात. यंत्राचे खोपटे आहे. तळे वाळून भेगाळले होते आणि भेगांत चेंडू अंड्यांसारखे बसले होते, इकडे एक, तिकडे दोन, सतरा वर्षांची भलत्यांची पापे. दुर्बीण ओळीने वाकून वेचत होता. मधेच तो थांबला आणि हाक मारली. एका ओळीत तीन चेंडू, तिन्हींवर फिके लाल ठिपके. पुढे-मागे सात-आठ पावलांचे अंतर. आडवा फरक हातभरसुद्धा नाही. त्याने सवयीने दोरी लावून पाहिली. पहिल्या चौथऱ्याकडे एक डोळा मिटून बघितले. आणि गोल्फमधले काही न कळणारा तो माणूस म्हणाला, "मारणाऱ्याचा हात काय सरळ आहे हो, साहेब. नेमच तेवढा चुकला." नंतर त्या दोरीच्या रेषेत चालत गेल्यावर, चौथऱ्यापासून साठ पावलांवर, करवंदीएवढ्या एका काटेरी झुडपाच्या बुडाशी त्याच्या बुटाला काहीतरी लागले. लोखंडी खुंटी, आमच्या कचेरीच्या खुणेची. नोंदवहीत काय लिहू, असे त्याने विचारले. मी म्हणालो, थांब, हिचा मालक मला माहीत आहे.

ताई, पदव्या आता संपल्या. ती खुंटी मी ठोकली होती. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी, तू दुकानात असताना. झेंड्याच्या बरोबर बावीस पावले डावीकडे जाणारी रेषा. माझा तुझ्यावर विश्वास होता, पण माझ्या वहीत सोळा वर्षांचे आकडे होते आणि तुझे दहाच दिवसांचे. मी विचार केला, ऐन वेळी जुनी खोड उलटली तर हातात काहीतरी असावे. तिन्ही वेळा मी पाय त्या खुंटीकडे लावले. पहिला चेंडू केसभरही वळला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले. तेव्हाच पाय झेंड्याकडे फिरवायचे होते. पण आम्ही एका वाचनावर निष्कर्ष काढत नाही, तीन घेतो. मी तीन घेतली. तिन्ही जुळली. तू माझा हात बरा केला होतास, पूर्ण बरा, आणि मी तो बरा झालेला हात घेऊन तळ्याकडे तोंड करून उभा होतो. माझंच चुकलं असे तू म्हणालीस तेव्हा मी बोलायला हवे होते. चिटणिसांचा हात माझ्या खांद्यावर होता, ते म्हणत होते, तुमचा यात काही दोष नाही, आणि ते ऐकून मला बरे वाटत होते. उद्या सांगू म्हणालो. मग आठवडा गेला, मग तुझ्या सामानाला दोर बांधून झाले. माझी भीती एवढीच होती की तू मला पुन्हा तिरप्या म्हणणार नाहीस. सोबत नकाशा जोडतो आहे: चौथरा, झेंडा, खुंटी आणि तीन चेंडू, प्रमाण एकास दोनशे, खाली माझी सही आणि साक्षीदार म्हणून दुर्बिणीची. तिन्हींपैकी एक चेंडूही पाठवतो. ठिपके तू ओळखशील. शाळेला काय कळवायचे ते तू ठरव. रागाने वर्षभर पत्र लिहिले नाहीस तरी मी तक्रार करणार नाही. पण नकारच द्यायचा असेल, तर पाकिटातले पत्र फाड आणि दुसरे कारण शोध. ते कारण माझे आहे, आणि मी ते परत मागतो आहे.

तुझाच,
तिरप्या

ता. क. त्या सहा निळ्या टॉवेलांपैकी घरात पाचच आहेत. विरले आहेत, पण पाच आहेत. सहावा, एका कडेला इस्त्रीचा डाग असलेला, त्या दिवशी काठी पुसून तू तुझ्या पिशवीत टाकलास असे माझे म्हणणे. तो मी कचेरीत यंत्र पुसायला नेला आणि तिथेच विसरलो असे तुझ्या भावजयीचे म्हणणे. कचेरीत मी शोधला, नाही. पुढच्या शनिवारी तिच्या माहेरचे सहा जण मुक्कामाला येत आहेत. तुझ्याकडे नसेल, तर तो आहे कुणाकडे?